पिप्पीला बालगृहात कोण नेणार? एका द्वाड मुलीच्या मालिकेचा इतिहास

१/ ८ फेब्रुवारी १९६९. स्वीडनमध्ये त्या वेळी दूरचित्रवाणीची एकच वाहिनी होती. त्या शनिवारी तिच्यावर नऊ वर्षांची एक मुलगी अवतरली. लाल केसांच्या दोन ताठ वेण्या, दोन पायांत दोन रंगांचे मोजे, सोबतीला एक माकड आणि ठिपक्यांचा घोडा. नाव पिप्पी लाँगस्ट्रुम्प, म्हणजे ‘लांब मोजेवाली’. (थ्रेड)

२/ पिप्पीची आई वारलेली, वडील समुद्रात वाहून गेलेले. ‘व्हिला व्हिलेकुला’ नावाच्या जुनाट घरात ती एकटी राहते. जवळ पेटीभर सोन्याची नाणी आहेत आणि अंगात घोडा उचलण्याचे बळ. शेजारची टॉमी आणि अनिका ही शहाणी भावंडे तिचे सवंगडी. मालिकेचे तेरा भाग घराघरांत हशा पिकवत गेले. पण त्या हशाच्या तळाशी एक गंभीर प्रश्न होता. पालक नसलेल्या मुलाचे काय करायचे, हे कोणी ठरवायचे?

३/ लेखिका अ‍ॅस्ट्रिड लिंडग्रेन (१९०७–२००२) यांना हा प्रश्न पुस्तकातून कळलेला नव्हता. व्हिमरबी या लहानशा गावातील वृत्तपत्रात काम करत असताना, अविवाहित असतानाच, त्यांना दिवस गेले. डिसेंबर १९२६ मध्ये त्यांनी शेजारच्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनला जाऊन मुलाला जन्म दिला. तेथील रुग्णालयात पित्याचे नाव सांगण्याची सक्ती नव्हती.

४/ बाळाला तेथेच एका पालनकर्त्या कुटुंबाकडे ठेवून तरुण आई स्टॉकहोमला परतली. लघुलेखन शिकून तिने कार्यालयात नोकरी धरली. पैसे साठले की रेल्वेने कोपनहेगन गाठायचे, मुलाला भेटायचे आणि परतायचे. हा क्रम सुमारे तीन वर्षे चालला. १९३० मध्ये मुलगा तिच्याजवळ आला.

५/ याच काळात स्वीडनमध्ये मुलांच्या संगोपनावर सरकारी देखरेख पक्की होत होती. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेत बालकल्याण मंडळ आले. मुलाची आबाळ होत आहे किंवा ते बिघडत आहे असे मंडळाला वाटले, तर त्याला घरातून हलवण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. हेतू संरक्षणाचा होता. मात्र निर्णयाची सूत्रे मोठ्यांच्याच हाती होती.

६/ १९४१ मध्ये लिंडग्रेन यांची मुलगी कारिन न्यूमोनियाने अंथरुणाला खिळली. गोष्ट सांग म्हणून तिने आईकडे हट्ट धरला आणि ‘पिप्पी लाँगस्ट्रुम्प’ हे नाव ऐनवेळी सुचवले. नाव इतके विचित्र, तेव्हा मुलगीही तशीच हवी! बाहेर महायुद्ध पेटले होते. आई त्या काळी टपाल तपासणीच्या गुप्त खात्यात काम करत होती आणि घरी येऊन जगातील सर्वांत बलवान मुलीच्या गोष्टी रचत होती.

७/ मार्च १९४४ मध्ये लिंडग्रेन बर्फावरून घसरल्या आणि त्यांचा घोटा मुरगळला. सक्तीच्या विश्रांतीत त्यांनी या गोष्टी लघुलिपीत उतरवल्या. कारिनच्या दहाव्या वाढदिवसाची भेट म्हणून एक प्रत तयार झाली, दुसरी गेली बोनियर या मोठ्या प्रकाशन संस्थेकडे. सोबतच्या पत्रात लेखिकेने मिश्कीलपणे आशा व्यक्त केली होती की, हे वाचून प्रकाशक बालकल्याण मंडळाला वर्दी देणार नाहीत.

८/ मंडळाला वर्दी गेली नाही, पण हस्तलिखित परत आले. मग लिंडग्रेन यांनी स्वतःच कात्री हाती घेतली, पिप्पीचा उद्धटपणा थोडा उतरवला आणि १९४५ मध्ये राबेन अँड शोग्रेन या संस्थेच्या स्पर्धेत तो मजकूर पाठवला. त्याला पहिले पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी पुस्तक निघाले. मूळ, अधिक बेबंद पिप्पी वाचकांसमोर आली ती थेट २००७ मध्ये.

९/ मुलांनी पुस्तक डोक्यावर घेतले. १९४६ मध्ये मात्र प्राध्यापक जॉन लांडक्विस्ट यांनी ‘आफ्टनब्लाडेट’ या दैनिकात त्यावर कडाडून टीका केली. चहापानाच्या वेळी अख्खा केक फस्त करणारी ही मुलगी त्यांना विकृत वाटली. शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकानेच असा निकाल दिल्यावर पालकांत वाद पेटला. शेजारणीचा केक खाणाऱ्या एका काल्पनिक मुलीने खऱ्याखुऱ्या विद्वानांची झोप उडवली होती.

१०/ १९४९ मध्ये पिप्पी प्रथम चित्रपटात आली. दिग्दर्शक होते पेर गुनवाल. नऊ वर्षांच्या मुलीची भूमिका केली विशी ओलांडलेल्या अभिनेत्रीने. चित्रपट लिंडग्रेन यांना अजिबात रुचला नाही. मोठ्या माणसाने मुलाचे सोंग घेतले की खोडकरपणाचा केवळ धांगडधिंगा होतो. पिप्पीची गंमत अशी की, ती खरोखरच लहान आहे आणि तरीही कोणाला भीत नाही.

११/ पुढच्या खेपेस लेखिकेने पटकथा स्वतः लिहिली. दिग्दर्शक उल्ले हेलबूम होते. त्यांच्यासोबत लिंडग्रेन यांची ‘व्ही पो साल्टक्रोकान’ ही १९६४ ची मालिका गाजली होती. स्वीडन आणि पश्चिम जर्मनी यांच्या या संयुक्त निर्मितीचे चित्रीकरण १९६८ मध्ये गोटलंड बेटावर, विस्बी शहराच्या परिसरात झाले. पिप्पी झाली इंगर निल्सन, वय वर्षे नऊ. पांढऱ्या घोड्यावर काळे ठिपके रंगवण्यात आले.

१२/ चित्रीकरण रंगीत होते, जेव्हा स्वीडनमध्ये नियमित रंगीत प्रक्षेपण सुरूही झाले नव्हते (ते १९७० मध्ये आले). शीर्षकगीताचे शब्द लिंडग्रेन यांचे, चाल जॅझ पियानोवादक यान योहानसन यांची. नोव्हेंबर १९६८ मध्ये मोटार अपघातात योहानसन यांचा मृत्यू झाला. देशातील प्रत्येक मुलाच्या तोंडी बसलेली आपली चाल ऐकायला ते उरले नाहीत.

१३/ मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण भर म्हणजे पुस्तकात नसलेले एक पात्र: प्रुसेलियस बाई. पुस्तकात पिप्पीला बालगृहात न्यायला पोलीस येतात आणि छपरावर पकडापकडीचा खेळ होतो. मालिकेत हे काम एका टापटीप, सभ्य बाईंनी अंगावर घेतले आहे. ही भूमिका जर्मन अभिनेत्री मार्गोट ट्रोगर यांनी केली. पिप्पी बाईंना ‘प्रुसिलुस्कान’ म्हणते; त्यात ‘ऊ’ या अर्थाचा स्वीडिश शब्द दडला आहे.

१४/ १९४४ च्या पत्रात जे मंडळ चेष्टेपुरते आले होते, त्याच्या वृत्तीला पंचवीस वर्षांनी पडद्यावर चेहरा मिळाला. विशेष म्हणजे प्रुसेलियस बाई खलनायिका नाहीत. मुलीचे भले व्हावे, असे त्यांना मनापासून वाटते. फक्त भले कशात आहे, हे त्या मुलीला विचारत नाहीत. विनोद तेथेच उगवतो आणि बाईंचे सगळे बेत फसतात.

१५/ पिप्पीचे उत्तर बंडाचे नाही, पाहुणचाराचे आहे. घरात शिरलेल्या चोरांनाही ती खाऊपिऊ घालून, नाणे देऊन वाटेला लावते. पुस्तकात पोलिसांना ती उचलून बाहेर ठेवते, पण इजा करत नाही. तिच्याजवळ कोणालाही चिरडण्याइतके बळ आहे आणि तरीही ती ते दुर्बलांवर चालवत नाही. १९४५ च्या युरोपात ही गोष्ट केवळ बालिश नव्हती.

१६/ १९७८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार स्वीकारताना लिंडग्रेन यांनी मुलांवरील हिंसेविरुद्ध भाषण केले. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, मुलांना मारण्यावर घरातही कायद्याने बंदी घालणारा स्वीडन हा जगातील पहिला देश ठरला. या कायद्यामागे अनेकांचे दीर्घ प्रयत्न होते. मात्र तो ज्या समाजाने केला, तेथील मुले तोवर पिप्पी पाहून हसायला शिकली होती.

१७/ पिप्पीवरची कात्री तेथे थांबली नाही. मालिकेत ती वडिलांना दक्षिण समुद्रातील बेटाचा राजा म्हणते, तेव्हा कृष्णवर्णीयांसाठीचा जुना, अपमानास्पद शब्द येतो. २०१४ मध्ये स्वीडिश वाहिनीने लेखिकेच्या वारसांच्या संमतीने तो काढला. डोळे तिरके करून पूर्व आशियाई लोकांची नक्कल करण्याचे दृश्यही वगळले. त्यावरही देशभर वाद झाला. १९४६ मध्ये मोठ्यांना पिप्पीपासून मुले वाचवायची होती. २०१४ मध्ये अनेकांना मोठ्यांच्या कात्रीपासून पिप्पी वाचवायची होती.

१८/ दोन्ही कात्र्या सारख्या नव्हेत. पहिली मुलांच्या मोकळेपणावर होती. दुसरी काही मुलांना दुखावणाऱ्या शब्दावर. चित्रीकरणानंतर व्हिला व्हिलेकुलाचे ते घर विस्बीजवळच्या क्नाइपब्युन या उद्यानात हलवण्यात आले. ते आजही तेथे उभे आहे, आणि मुले त्यात खुशाल आत-बाहेर करतात.