बेने इस्रायलांचे विद्यार्थिजीवन

महाराष्ट्रातील मराठीभाषिक ज्यू समाजाच्या शिक्षणाचा व विद्यार्थिदशेचा इतिहास. कोकणात तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ ह्या नावाने ओळखला जाणारा हा छोटा समाज एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शाळा-महाविद्यालयांत शिरला आणि शतकाच्या आतच विद्यापीठाच्या परीक्षांत अग्रस्थानी पोहोचला. तथापि ह्या इतिहासाचे खरे वैशिष्ट्य परीक्षांतील यशात नाही. आपल्याच धर्माची हिब्रू भाषा ह्या समाजाला पुन्हा अवगत झाली, ती बव्हंशी शाळेच्या वर्गात व विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात. आणि तिच्यापर्यंत जाण्याची वाट मराठीतून गेलेली होती.

अलिबागजवळील नवगाव येथे गलबत फुटून वाचलेल्या पूर्वजांची आपण संतती आहोत, अशी बेने इस्रायलांची परंपरागत समजूत आहे. कोकणातील गावांवरून पडलेली केहिमकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर यांसारखी आडनावे त्यांच्या दीर्घ वास्तव्याची साक्ष देतात. इतर ज्यूंशी संपर्क तुटलेल्या काळात सुंता, शब्बाथ (शनिवारची विश्रांती), आहारविषयक काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे टिकून राहिले. ग्रंथ व लिपी मात्र विस्मृतीत गेली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून त्यांची कुटुंबे मुंबईला येऊ लागली. अनेकजण कंपनीच्या पलटणीत शिरले, काहींनी सुतारकाम वा गवंडीकाम पत्करले. सॅम्युएल इझिकेल दिवेकर ह्या लष्करातील अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर (सिनॅगॉग) बांधले. मंदिर झाले, तरी त्यातील प्रार्थना वाचू शकणारे थोडेच होते. कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी ही उणीव काही अंशी भरून काढली.

नियमित शाळा आल्या त्या ख्रिस्ती मिशनांबरोबर. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत व कोकणात मराठी शाळा काढल्या. त्यांत बेने इस्रायलांची मुले शिकू लागली आणि त्याच समाजातील काही शिक्षक म्हणूनही नेमले गेले. ह्या समाजात काम केलेला मायकेल सार्गोन हा स्वतः कोचीनचा, ज्यू वंशाचा पण ख्रिस्ती झालेला गृहस्थ होता. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन (१८०४–७५) यांनी १८२९ मध्ये मुंबईत पाऊल ठेवले आणि १८३२ मध्ये, बेने इस्रायलांना उपयोग व्हावा म्हणून, हिब्रू भाषेचे मराठीतील व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू उघड होता : जुन्या कराराच्या वाटेने ह्या मंडळींना नव्या कराराकडे न्यावयाचे. प्रत्यक्षात धर्मांतर करणारे फारच थोडे निघाले. मुलांनी बायबल आत्मसात केले आणि ती धर्मपरिवर्तनाची नव्हे, तर आपल्याच धर्माच्या पुनःपरिचयाची सामग्री बनविली. मिशनऱ्यांच्या प्रयत्नांचे इतके उलट व इतके हितकर फळ क्वचितच पाहावयास मिळते.

१८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. संस्कृत, लॅटिन, अरबी, फार्सी यांच्या जोडीने हिब्रूलाही अभिजात भाषा म्हणून अभ्यासक्रमात स्थान मिळाले. विल्सन हे पुढे विद्यापीठाचे कुलगुरू झाले; हिब्रूच्या समावेशात त्यांच्या प्रयत्नांचा वाटा मोठा होता. ह्या निर्णयाचे महत्त्व विद्यापीठापेक्षा समाजाच्या दृष्टीने अधिक होते. ब्राह्मण विद्यार्थी ज्याप्रमाणे संस्कृत घेऊन परीक्षेस बसे, त्याप्रमाणे बेने इस्रायल विद्यार्थी हिब्रू घेऊन बसू लागला. घरातील धर्मभाषेला परीक्षेत गुण मिळू लागले, म्हणजे मुलांच्या लेखी तिची प्रतिष्ठाही वाढते. ह्या पिढीचे प्रातिनिधिक विद्वान म्हणजे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) होत. बगदादी ज्यूंच्या डेव्हिड ससून बेनिव्हॉलंट इन्स्टिट्यूशन ह्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक व विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांचे मराठी अनुवाद केले.

मिशनच्या व सरकारी शाळांत एक अडचण मात्र कायम होती. तेथे सुटी रविवारी असे. शब्बाथ पाळावयाचा तर शनिवारचे पाठ बुडत आणि पाठ गाठावयाचे तर शब्बाथ मोडे. सणांच्या सुट्यांचीही तीच स्थिती. समाजाच्या स्वतःच्या शाळेची निकड ह्यातूनही निर्माण झाली. हाईम सॅम्युएल केहिमकर व त्यांचे बंधू यांनी पुढाकार घेऊन १८७५ मध्ये मुंबईत इझ्राएलाइट स्कूल सुरू केले. मराठी, इंग्रजी व हिब्रू ह्या तिन्ही भाषा तेथे शिकविल्या जात. गरीब कारकून, सैनिक व कारागीर यांच्या वर्गणीवर अशी शाळा चालणे अवघड होते. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनच्या अनुदानामुळे ती तग धरू शकली. १८९२ मध्ये तिला हायस्कूलचा दर्जा प्राप्त झाला. पुढे शांघाय व हाँगकाँग येथील बगदादी ज्यू उद्योगपती एली कदूरी यांच्या देणगीनंतर माझगाव येथील ही शाळा सर एली कदूरी स्कूल ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईतील बगदादी ज्यू बेने इस्रायलांना अनेकदा दूरच ठेवीत. त्यांच्याच पंथातील परदेशस्थ धनिकाचे नाव ह्या शाळेला लागावे, हा योगायोग मौजेचा आहे.

स्त्रीशिक्षणात हा समाज बराच पुढे होता. मुलींना शाळेत धाडण्याविरुद्ध धर्मशास्त्राचा आधार नव्हता आणि पलटणीतील नोकरीमुळे कुटुंबे गावोगाव फिरलेली होती, ही त्याची दोन कारणे संभवतात. पुण्याच्या मुलींच्या हायस्कुलात (हुजूरपागा) शिकलेल्या रिबेका रूबेन (१८८९–१९५७) १९०५ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत सर्वप्रथम आल्या. मुलीने हा मान मिळविण्याची ती पहिलीच वेळ होती. इंग्लंडमधील शिक्षणानंतर त्यांनी १९२२ ते १९५० पर्यंत माझगावच्या शाळेचे मुख्याध्यापकपद सांभाळले. त्यांच्या समकालीन जेरुशा झिराड यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय शिक्षण घेऊन लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी संपादन केली. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या त्या १९२८ ते १९४७ पर्यंत अधीक्षक होत्या. १९१३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने बेने इस्रायल स्त्री मंडळ स्थापन झाले. १९६६ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ लाभली.

शिकलेल्या तरुणांचे सांस्कृतिक जीवन मराठीच राहिले. १८८० च्या सुमारास त्यांनी हिंदू हरिकीर्तनाचा घाट घेऊन अब्राहाम, जोसेफ, मोशे यांच्या कथांवर मराठी कीर्तने रचली. साकी, दिंडी, आर्या हीच वृत्ते, तोच पूर्वरंग-उत्तररंगाचा थाट. आख्यान तेवढे तोराहमधील. शाळेत शिकलेले बायबल, प्रार्थनामंदिरातील हिब्रू आणि वाडीतील कीर्तन यांचा असा संयोग ज्यूंच्या जागतिक इतिहासात विरळाच. विसाव्या शतकात सार्वजनिक चळवळी सुरू झाल्या. १९१७ मध्ये बेने इस्रायल परिषद भरली. पाठोपाठ ऑल इंडिया इझ्राएलाइट लीग उभी राहिली. शिष्यवृत्त्या व शाळेची आर्थिक स्थिती हे विषय दोन्हीकडे वारंवार चर्चिले गेले. द इझ्राएलाइट (१९१७–२७) हे इंग्रजी-मराठी नियतकालिक ह्या काळाचे महत्त्वाचे साधन आहे.

सगळीच मुले समाजाच्या शाळेत जात नसत. इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) मुंबईच्या एका कॅथलिक शाळेत शिकले. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, आई मराठी शाळेची चालक. तरी वर्गात एकट्या ज्यू मुलाच्या वाट्याला जे परकेपण येते, ते त्यांच्या ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ह्या आत्मपर कवितेत उमटले आहे. समाजाच्या शाळेचे मोल अशा अनुभवांवरून अधिक स्पष्ट होते.

१९४८ नंतर ह्या समाजाचा मोठा भाग इस्राएलला गेला. त्या वेळी भारतात सु. २०,००० असलेली संख्या काही हजारांवर आली. माझगावच्या शाळेत अन्य धर्मीयांची, मुख्यत्वे मुस्लिमांची, मुले बहुसंख्य झाली. जाणाऱ्यांबरोबर वर्गांची व कीर्तनमंडळांची छायाचित्रे, बक्षिसांची पुस्तके, प्रमाणपत्रे हीदेखील गेली. पाश्चात्त्य देशांतील विद्यापीठे संगीतिकांतील गायकांच्या छायाचित्रांपासून ज्यू विद्यार्थिमंडळांच्या पत्रकांपर्यंत असे कागद अभिलेखागारात जपून ठेवतात. महाराष्ट्रातील विद्यापीठीय ग्रंथालयांचा भर पोथ्या व मुद्रित ग्रंथांवर राहिला. विद्यार्थ्यांचे किरकोळ कागद संग्राह्य मानण्याची प्रथा रुजली नाही. परिणामी विद्यापीठाच्या पंचांगातून (कॅलेंडर) उत्तीर्णांची नावे मिळतात, पण ते विद्यार्थी कोठे राहत, काय गात, कोणत्या सणाला वर्ग चुकवीत, हे त्यांतून समजत नाही.

केहिमकरांच्या ग्रंथाची कथा ह्या दृष्टीने बोलकी आहे. समाजाचा हा पहिला विस्तृत इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केला, पण त्यांच्या हयातीत तो छापला गेला नाही. हस्तलिखित चाळीस वर्षे पडून राहिले. पुढे इमॅन्युएल ओल्स्व्हँगर ह्या अभ्यासकाने संपादन करून १९३७ मध्ये ते तेल अवीव येथे द हिस्टरी ऑफ द बेने-इझ्राएल ऑफ इंडिया ह्या नावाने प्रसिद्ध केले. शाळेच्या स्थापनेविषयीची पुष्कळशी माहिती आज त्याच ग्रंथामुळे उपलब्ध आहे. मुंबईत छापलेली ज्यूंची मराठी पुस्तके लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत व जेरूसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आढळतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेल्यांनी १९८० नंतरच्या दशकात मायबोली हे मराठी नियतकालिक सुरू केले. त्याच्या पहिल्या पिढीच्या लेखक-वाचकांचे शिक्षण मुंबई, पुणे व कोकण येथील शाळांत झालेले होते.