पाच महाचोर आणि संशोधकाचे शील

संशोधनक्षेत्रात नव्याने प्रवेश करणाऱ्या विद्यार्थ्याने विनयपिटकातील चौथ्या पाराजिकेची निदानकथा अवश्य अभ्यासावी. वज्जी जनपदात दुष्काळ पडला असता वग्गुमुदा नदीच्या तीरी वर्षावास करणाऱ्या भिक्खूंनी एक युक्ती योजिली. अमुक भिक्खू ध्यानलाभी आहे, तमुक अर्हत आहे, अशी परस्परांची स्तुती ते गृहस्थांपुढे करू लागले. श्रद्धाळू लोकांनी आपल्या मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून त्यांना दिला. वर्षावासानंतर अन्य भिक्खू कृश होऊन वेसालीस आले. हे मात्र पुष्ट दिसत होते.

या प्रसंगी भगवान बुद्धांनी पाच महाचोरांचे वर्णन केले. त्यांतील दुसरा चोर तथागतांनी सांगितलेला धम्मविनय शिकून तो आपलाच म्हणून मिरवितो. तिसरा शुद्धाचरणी व्यक्तीवर निराधार आरोप करतो. पाचवा, जे आपणास प्राप्त झालेले नाही ते प्राप्त झाल्याचे सांगतो. हा सर्वांत मोठा चोर होय. कारण तो जनतेचे अन्न चोरून खातो. आजच्या परिभाषेत दुसऱ्याचे कृत्य म्हणजे वाङ्मयचौर्य आणि पाचव्याचे म्हणजे बनावट निष्कर्ष. सार्वजनिक निधीतून शिष्यवृत्ती घेणाऱ्यास ही तुलना विशेष लागू पडते.

परंतु ज्यांनी ‘अधिमाना’मुळे, म्हणजे प्रामाणिक भ्रमामुळे, अर्हत्पद मिळाल्याचे सांगितले, त्यांना विनयाने दोषी मानले नाही. त्यांच्यासाठी नियमातच अपवाद जोडण्यात आला. चूक आणि लबाडी यांतील हा भेद मार्गदर्शकांनीही ध्यानी ठेवावा.

श्रेयाचा प्रश्न पालि विद्येच्या आधुनिक इतिहासातही उद्भवला. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या 1899 मधील निधनामुळे ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनाचे काम अपुरे राहिले. ते पुरे करण्यासाठी धर्मानंद कोसंबी 1910 मध्ये हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे श्रेयाच्या प्रश्नावरून प्रा. लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि 1912 मध्ये ते स्वदेशी परतले. पुढेही ते या कामासाठी अमेरिकेस गेले. त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र 1950 मध्ये, म्हणजे कोसंबींच्या निधनानंतर तीन वर्षांनी निघाली. तीवर वॉरन यांच्या नावासोबत संशोधित आवृत्तीचे कर्ते म्हणून कोसंबींचेही नाव आहे. श्रमाचे श्रेय मागणे हा अहंकार नव्हे. ते सत्याचेच अंग आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनी शोधप्रबंधातील साम्याचे टप्पे ठरविले. 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 60 टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास नोंदणी रद्द होते. परंतु संगणक शब्दांचे साम्य मोजतो. शब्द बदलून घेतलेला विचार, न वाचताच दिलेला पालि संदर्भ किंवा सहाय्यकाचे गाळलेले नाव त्याच्या हाती सहसा लागत नाही. तेथे शीलच पहारेकरी असते.

विद्येला शीलाची जोड हवी, हा बाबासाहेबांचा आग्रह याच अर्थाने घ्यावा. ज्यांच्या पूर्वजांचे श्रम शतकानुशतके इतरांच्या नावावर जमा झाले, त्या समाजातील संशोधकाने दुसऱ्याच्या श्रमाची नोंद सर्वांत काटेकोरपणे ठेवावी. अदिन्नादान आणि मुसावाद यांपासून विरत राहण्याची शिक्षापदे आपण विहारात घेतो. ग्रंथालयात बसतानाही ती आपल्याबरोबर असली पाहिजेत.