घरगुती राउटर: फर्मवेअर आणि दुरुस्तीचा इतिहास

घरगुती वायरलेस राउटर हा एक छोटा संगणकच असतो. त्यात प्रोसेसर असतो, रॅम असते आणि वीज गेली तरी मजकूर टिकवून ठेवणारी फ्लॅश मेमरी असते. या फ्लॅश मेमरीत तीन गोष्टी शेजारीशेजारी राहतात. यंत्र सुरू होताच सर्वांत आधी चालणारा बूटलोडर ही पहिली. त्याने सुरू करून द्यायचे मुख्य फर्मवेअर ही दुसरी. घरातल्या माणसाने भरलेल्या सेटिंग्ज, म्हणजे वायफायचे नाव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीने दिलेले युजरनेम वगैरे, ही तिसरी. फर्मवेअर अपडेट करताना मधला भाग पुसून नव्याने लिहिला जातो. पहिला आणि तिसरा बहुधा जागच्या जागी राहतात. अपडेटनंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या रचनेत आहे आणि त्या दूर करण्याच्या रीतीही तिच्यातूनच घडत गेल्या.

१९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २.४ गिगाहर्ट्झसह काही फ्रिक्वेन्सी पट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. त्यांवर चालणारे ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये आले, सेकंदाला ११ मेगाबिट गतीचे ८०२.११बी १९९९ मध्ये आले, आणि त्याच वर्षी ॲपलच्या एअरपोर्टने वायरलेस नेटवर्क घरात आणून ठेवले. या यंत्रांचे फर्मवेअर बदलावे असे सामान्य ग्राहकाला वाटण्याचे फारसे कारण नव्हते. ते २००१ मध्ये मिळाले. स्कॉट फ्लुरर, इत्सिक मांतिन आणि आदि शामीर यांनी डब्ल्यूईपी या तेव्हाच्या एन्क्रिप्शनच्या मुळाशी असलेला दोष उघड केला, आणि काही काळातच शेजारच्या घरातून पासवर्ड शोधून काढणे शक्य झाले. तोवर विकल्या गेलेल्या यंत्रांतल्या चिपा बदलणे अशक्य होते. म्हणून २००३ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएमध्ये टीकेआयपी ही पद्धत मुद्दाम अशी आखली गेली, की जुनीच चिप केवळ नव्या फर्मवेअरच्या बळावर ती चालवू शकेल. कंपनीची फाइल उतरवून घ्यायची आणि ब्राउझरमधून राउटरवर चढवायची, हे काम घरच्या माणसावर आणणारे हे पहिले मोठे निमित्त होते.

त्याबरोबर अपडेटनंतरची एक ठरावीक तक्रारही आली: राउटर ठीक, वायफायचे नाव दिसते, पण लॅपटॉप जोडला जात नाही. राउटर डब्ल्यूपीए बोलू लागलेला असे, पण लॅपटॉपमधले वायरलेस कार्ड किंवा त्याचा ड्रायव्हर जुनाच असे. विंडोज एक्सपीसाठी मायक्रोसॉफ्टला २००३ मध्ये डब्ल्यूपीएची वेगळी दुरुस्ती द्यावी लागली. दोष राउटरचा की जोडणाऱ्या यंत्राचा, हे आधी वेगळे करायचे आणि त्यासाठी राउटरला एक संगणक वायरने जोडून पाहायचा, हा पडताळा तेव्हापासून रुळला. आजही त्याहून चांगली सुरुवात नाही.

फर्मवेअरमधली एक चूक किती दूर पोहोचू शकते, हे त्याच वर्षी विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाला कळले. मे २००३ मध्ये विद्यापीठाच्या वेळ सांगणाऱ्या सर्व्हरवर विनंत्यांचा पूर आला. जूनपर्यंत तो सेकंदाला अडीच लाख पॅकेटांच्या वर गेला. विद्यापीठातले डेव्ह प्लोंका यांनी माग काढला, तेव्हा कारण सापडले ते नेटगियरच्या काही राउटरांत. त्यांच्या फर्मवेअरमध्ये या सर्व्हरचा पत्ता कायमचा लिहून ठेवला होता आणि उत्तर आले नाही तर राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत होता. नेटगियरने दुरुस्त फर्मवेअर काढले. पण घरोघरी गेलेल्या लाखो डब्यांपर्यंत ते पोहोचवणारा कोणताच मार्ग नव्हता. ज्याचे इंटरनेट चालू आहे त्याला अपडेट करण्याची गरज भासत नव्हती, आणि भासली तरी धाडस होत नव्हते. अपडेट मालकाच्या हाती ठेवण्याची खरी किंमत या प्रकरणात प्रथम स्पष्ट झाली.

मालकाच्या हातात अपडेट असण्याची दुसरी, उजळ बाजू एका निळ्या-काळ्या डब्याने दाखवली. व्हिक्टर आणि जेनी त्साओ या दांपत्याने १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या लिंक्सिस कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर आणला. ब्रॉडकॉमची चिप, ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट रॅम एवढाच त्याचा संसार. मार्च २००३ मध्ये सिस्कोने सुमारे ५० कोटी डॉलरला लिंक्सिस विकत घेत असल्याचे जाहीर केले. काही महिन्यांतच या राउटरचे फर्मवेअर लिनक्सवर आधारलेले असल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. लिनक्सच्या जीपीएल परवान्यानुसार असा सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून देणे बंधनकारक असते. तशी मागणी झाली, दबाव वाढला आणि कंपनीने २००३ च्या मध्यात तो खुला केला.

त्यातून राउटर-दुरुस्तीची एक नवी विद्या उभी राहिली. जानेवारी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प सुरू झाला. पाठोपाठ सेबास्टियन गॉटशाल यांचे डीडी-डब्ल्यूआरटी आणि २००६ मध्ये जोनाथन झराटे यांचे टोमॅटो आले. लोक आपल्या राउटरवर आठवड्याला नवे फर्मवेअर चढवू लागले आणि साहजिकच राउटर मोठ्या संख्येने मरू लागले. दिवे लागतात, पण पान उघडत नाही आणि पिंगला उत्तर येत नाही, अशा यंत्राला ‘ब्रिक’ झाले म्हणत. ते परत जिवंत करण्याचे उपाय पायरीपायरीने शोधले गेले, आणि ते क्रमाने पाहिले तर राउटरच्या पोटात काय असते ते नीट कळते.

पहिली पायरी बूटलोडरची. मुख्य फर्मवेअर पार बिघडले तरी बूटलोडर सहसा शाबूत असतो. डब्ल्यूआरटी५४जीमध्ये सुरू होताना काही सेकंद थांबून टीएफटीपीने येणाऱ्या फाइलची वाट पाहण्याची सोय होती. मात्र तिची सेटिंग आधीच चालू असावी लागे. ती चालू करण्याची युक्ती गमतीची होती. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये पिंग तपासण्याच्या पानावरच्या रकान्यात पत्त्याऐवजी लिनक्सची आज्ञा लिहिली, तर राउटर ती मुकाट पाळत असे. सुरक्षेच्या दृष्टीने हे भगदाडच होते, पण याच भगदाडातून अनेकांनी पुढच्या संकटाची आगाऊ तजवीज केली. मग संगणकाला हाताने १९२.१६८.१ या मालिकेतला पत्ता द्यायचा, वायर लावायची, राउटरची पिन काढून पुन्हा घालायची आणि त्या काही सेकंदांत १९२.१६८.१.१ या पत्त्यावर मूळ फर्मवेअर पाठवायचे.

वाट पाहण्याची सोय बंद असेल तर डबा उघडावा लागे. फ्लॅश चिपच्या पंधराव्या आणि सोळाव्या पायांना क्षणभर स्क्रूड्रायव्हर टेकवला, की बूटलोडरला फर्मवेअर खराब असल्याचे वाटे आणि तो नवी फाइल मागत थांबे. बूटलोडरच पुसला गेला असेल तर शेवटचा उपाय जेटॅगचा: संगणकाच्या प्रिंटर पोर्टपासून राउटरच्या बोर्डापर्यंत चार-पाच तारा जोडून फ्लॅश मेमरी संथपणे पुन्हा लिहायची. यात एक मोठा धोका होता. उतावीळपणे सगळी फ्लॅश कोरी केली तर यंत्राचा स्वतःचा मॅक पत्ताही जाई. पुढे आलेल्या अथेरॉस चिपच्या राउटरांत तर रेडिओची कारखान्यात केलेली जुळणीही फ्लॅशमध्येच असे. ती एकदा पुसली, की राउटर चालू होई पण वायफाय नीट पोहोचत नसे. आधी प्रत काढून ठेवल्याशिवाय पुसू नये, हा नियम अशा यंत्रांच्या मोलाने शिकला गेला.

पण बहुतेक बिघाड इतके गंभीर नव्हतेच. सर्वांत जास्त त्रास दिला तो जुन्या सेटिंग्जनी. ब्रॉडकॉमच्या राउटरांत त्या एनव्हीरॅम नावाच्या कप्प्यात राहत. नवे फर्मवेअर आले तरी कप्पा तोच, आणि एखाद्या नोंदीचा अर्थ दोन आवृत्त्यांत वेगळा असला की वायफाय दर काही मिनिटांनी तुटणे, गती पडणे, पासवर्ड बरोबर असून न स्वीकारणे अशी चमत्कारिक लक्षणे दिसत. उपाय एकच: फॅक्टरी रीसेट करून सगळे पुन्हा हाताने भरणे. जतन केलेली बॅकअप फाइल पुन्हा चढवायची नाही, कारण तिच्याबरोबर जुनी घाणही परत येते. याच गरजेतून डीडी-डब्ल्यूआरटीच्या वर्तुळात ‘३०-३०-३०’ हा प्रघात पडला: रीसेटचे बटण वीज चालू असताना ३० सेकंद, वीज काढून ३० सेकंद आणि वीज परत देऊन ३० सेकंद असे सलग दाबून धरायचे. नंतरच्या एआरएम प्रोसेसरच्या राउटरांना तो लागू नाही आणि त्यांवर तो करू नये असेच सांगितले जाते.

२००५ च्या अखेरीस आलेल्या डब्ल्यूआरटी५४जीच्या पाचव्या आवृत्तीत लिनक्स जाऊन व्हीएक्सवर्क्स आले आणि मेमरी निम्म्यावर आली. मूळ रचनेचा चाहतावर्ग इतका मोठा होता, की लिंक्सिसला डब्ल्यूआरटी५४जीएल हे लिनक्सचे मॉडेल वेगळे विकावे लागले.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि त्याच महिन्यात बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. मुंबईत एमटीएनएलचे ट्राय बँड घरोघरी पोहोचले. इथले यंत्र म्हणजे टेलिफोनच्या तारेवर चालणारा मोडेम आणि राउटर एकाच डब्यात. त्यामुळे फॅक्टरी रीसेटचा सर्वपरिचित उपाय इथे अर्धवट ठरे. रीसेटने वायफायच्या सेटिंग्जबरोबर पीपीपीओईचे युजरनेम-पासवर्ड आणि लाइनचे व्हीपीआय-व्हीसीआय आकडेही जात. बीएसएनएलचे ० आणि ३५ हे आकडे ज्याने लिहून ठेवले नव्हते, त्याला एक्स्चेंजमधून माणूस येईपर्यंत थांबावे लागे. महाराष्ट्रात त्या वर्षांत भारनियमन तीव्र होते, आणि फ्लॅशवर लेखन चालू असताना वीज जाणे हा तर फर्मवेअरचा सर्वांत घातक शत्रू. वीज जाण्याच्या वेळा पाहून किंवा यूपीएस लावूनच अपडेट करणे शहाणपणाचे होते.

दरम्यान कंपन्यांनी अपडेटची सूत्रे आपल्याकडे घ्यायला सुरुवात केली होती. डीएसएल फोरमच्या २००४ मधल्या टीआर-०६९ या मानकाने सेवा कंपनीला ग्राहकाच्या घरातला राउटर दुरून चालवण्याची सोय दिली. विस्कॉन्सिनसारख्या प्रकरणांवर हा खरा उपाय होता. परंतु त्यातून वेगळ्याच तक्रारी जन्मल्या. जून २०१२ मध्ये सिस्कोच्या काही लिंक्सिस राउटरांवर आपोआप नवे फर्मवेअर आले, आणि स्वतःच्या राउटरच्या सेटिंग्ज उघडण्यासाठी मालकांकडे कंपनीच्या क्लाउड खात्याची मागणी होऊ लागली. संताप इतका झाला, की कंपनीला माघार घ्यावी लागली. ७ ऑक्टोबर २०१४ रोजी बेल्किनचे राउटर जगभर ठप्प झाले. इंटरनेट आहे की नाही हे ते कंपनीच्याच एका सर्व्हरला विचारून ठरवत आणि तो सर्व्हरच बंद पडला होता. यंत्रांवर डीएनएसचा पत्ता हाताने भरल्यावर अनेकांचे काम पुन्हा सुरू झाले. वायफाय आहे पण इंटरनेट नाही, अशा वेळी डीएनएस तपासण्याची सवय या घटनेने पक्की केली.

अपडेटनंतर काही चॅनेल नाहीसे होणे किंवा ५ गिगाहर्ट्झची पोहोच घटणे, यामागे कायदा असतो. विमानतळांजवळच्या हवामान-रडारांना अडथळा होऊ नये म्हणून एफसीसीने ५ गिगाहर्ट्झच्या यंत्रांचे फर्मवेअर कुलूपबंद ठेवण्यावर भर दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये टीपी-लिंकने दोन लाख डॉलरचा दंड मान्य केला, तेव्हा त्याच समझोत्यात खुल्या फर्मवेअरला आपल्या राउटरांवर वाट देण्यासाठी प्रयत्न करण्याचे कलमही होते. सुरक्षेसाठी रेडिओला कुलूप लावताना सगळा राउटरच मालकाला बंद होऊ नये, हा आग्रह रास्तच होता.

दुरून चालवण्याच्या सोयीचा गैरवापरही झाला. नोव्हेंबर २०१६ च्या शेवटी जर्मनीत डॉइच टेलिकॉमचे सुमारे ९ लाख ग्राहक एका हल्ल्यात खंडित झाले. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर तयार करून ग्राहकांना राउटर काही वेळ बंद ठेवून पुन्हा लावायला सांगितले, म्हणजे सुरू होताना तो अपडेट घेईल. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलचे हजारो मोडेम, मूळ पासवर्ड न बदलल्यामुळे, मालवेअरला बळी पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत एकाच सेवा कंपनीचे सहा लाखांहून अधिक राउटर तीन दिवसांत कायमचे निकामी झाले. या डब्यांना रीसेटने काही झाले नाही. ते बदलूनच द्यावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात असूसच्या सर्व्हरवरून आपोआप उतरलेल्या एका सदोष फाइलने जगभरातले राउटर अडवले होते. तिथे मात्र बंद करून चालू करणे, आणि न जमल्यास फॅक्टरी रीसेट, एवढ्याने भागले.

उत्पादकांनीही बिघाडातून धडा घेतला. अनेक राउटरांत आता फर्मवेअरच्या दोन प्रती असतात. नवी प्रत दुसऱ्या कप्प्यात लिहिली जाते, आणि ती चालली नाही तर यंत्र जुन्या प्रतीवर परतते. लिंक्सिसच्या २०१४ च्या डब्ल्यूआरटी१९००एसीमध्ये सुरू होतानाच लागोपाठ तीन वेळा वीज तोडली, की दुसरी प्रत जागी होते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या कायद्याने सगळ्या यंत्रांना एकच सोपा मूळ पासवर्ड देण्यावर बंदी आली आणि सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील हे विकतानाच सांगणे बंधनकारक झाले. २०२४ च्या अखेरीस ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्पाने सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीबरोबर ‘ओपनडब्ल्यूआरटी वन’ हा स्वतःचा राउटर आणला. त्यात दोन स्वतंत्र फ्लॅश चिपा आहेत. एकीवर रोजचे फर्मवेअर, दुसरीवर सहसा न पुसली जाणारी सुटकेची प्रत. कोणत्या चिपवरून यंत्र सुरू व्हावे ते ठरवणारे बटण डब्यावरच दिले आहे.