हुबळीची लस आणि शुश्रूषेचा हिशेब

रुग्णसेवेच्या इतिहासाकडे आपण बहुधा दयेचा इतिहास म्हणून पाहतो. ते योग्य आहे, पण अपुरे आहे. दयेने केलेले काम रुग्णाच्या हिताचे ठरले की नाही, हे तपासण्याची शिस्त हाही त्या इतिहासाचाच भाग होय. या दृष्टीने हुबळी येथे 1898 साली घडलेला प्रसंग मननीय आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढे तो मुंबई इलाख्यात दूरवर पसरला. धारवाड जिल्हा त्या काळी याच इलाख्यात मोडत असे. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्रतिबंधक लस 10 जानेवारी 1897 रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतली. 1898 मध्ये हुबळीस प्लेगने ग्रासले, तेव्हा सर्जन-कॅप्टन ल्युमान यांच्या देखरेखीखाली तेथील हजारो रहिवाशांस ती टोचण्यात आली.

हुबळीचे महत्त्व केवळ या संख्येत नाही. लस घेतलेल्यांपैकी किती दगावले आणि न घेतलेल्यांपैकी किती, याची तुलना तेथे मांडली गेली. प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग आयोगाने असे आकडे कसोशीने तपासले. लस न घेतलेल्यांची संख्या अंदाजाने काढलेली होती, आणि साथीच्या भयाने लोकांची ये-जा चालू असताना असा अंदाज फसवा ठरतो. हे दोष दाखवूनही लसीने रोग व मृत्यू कमी होतात, मात्र पूर्ण संरक्षण मिळत नाही, असा निर्णय आयोगाने दिला. उत्साहाच्या भरात फाजील दावा नाही आणि संशयापोटी उपकारक उपाय टाकूनही दिला नाही; प्रमाणावर आधारलेली सेवा म्हणतात ती हीच.

ही दृष्टी शुश्रूषेच्या क्षेत्रास नवी नव्हती. क्रिमियन युद्धात स्कुटारीच्या रुग्णालयात 1855 च्या फेब्रुवारीत शेकडा 40 च्या वर गेलेले मृत्यूचे प्रमाण, गटारे व हवेची सोय सुधारल्यावर, जूनपर्यंत शेकडा 2 च्या आसपास आले. युद्धानंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने हे आकडे अभ्यासले. त्यांच्या स्वतःच्या रुग्णालयातील अस्वच्छतेनेही जवानांचे बळी घेतले होते, हे सत्य त्यांनी दडपले नाही. 1863 साली हिंदुस्थानातील लष्करी वस्त्यांच्या आरोग्याविषयी त्यांनी लिहिले, तेही अशाच नोंदींच्या आधारे.

हिशेबाइतकीच सावधगिरीही महत्त्वाची. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी हीच लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने मरण पावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच वापरला गेला. दोष मात्र हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. 1907 पर्यंत त्यांस तो वाहावा लागला.

पडलेला चिमटा प्रथम कोणाच्या नजरेस येतो? रुग्णालयात बहुधा परिचारिकेच्या. ते पाहून नवशिक्या मुलीनेही निर्भयपणे डॉक्टरांस थांबवावे, असे वातावरण निर्माण करणे हेच मुख्य परिचारिकेचे खरे नेतृत्व. त्यासाठी शिक्षण लागते. हुबळीहून पुण्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली मिशन रुग्णालय उभारले आणि 1897 मध्ये तेथे परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले, ही गोष्ट म्हणूनच इमारतीहून मोलाची.

आपणांपैकी अनेकजण मिशन रुग्णालयांच्या समित्यांवर असतात. आजाऱ्यांच्या भेटीस तर सर्वच जातात. वार्षिक अहवाल हाती आला की किती रुग्ण तपासले हे आपण कौतुकाने वाचतो. किती जणांस रुग्णालयातच नवा संसर्ग झाला, किती जण खाटेवरून पडले, चुकीचे औषध किती वेळा दिले गेले, आणि ती चूक सांगणाऱ्या परिचारिकेस शाबासकी मिळाली की ठपका, हेही आपण विचारतो काय? एका खाटेकडून दुसरीकडे प्रार्थनेस जाताना आपण स्वतः तरी हात धुतो काय?

दाखल्यातील शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून निघून गेला नाही. त्याने जखमीस उतारशाळेत नेले, तेथील माणसावर त्याची काळजी सोपविली आणि परत येण्याचे वचन दिले. दया करून तो मोकळा झाला नाही. पुढचा हिशेबही त्याने आपल्याकडे ठेवला.