विमान-एंजिनातील ठिणगी गुडदीचे आटे व त्यांची दुरुस्ती

दट्ट्याच्या विमान-एंजिनात इंधन व हवा यांचे मिश्रण पेटविणारी ठिणगी गुडदी, म्हणजेच व्यवहारातील स्पार्क प्लग, सिलिंडराच्या शीर्षातील आटे पाडलेल्या भोकात बसविलेली असते. हे आटे झिजले, तुटले किंवा गुडदीबरोबर निघून आले म्हणजे भोक पुन्हा भरवशाचे करावे लागते; या क्रियेस आटेदुरुस्ती म्हणतात. विमानातील गुडदीचे आटे बहुधा १८ मिमी. व्यासाचे असून लगतच्या दोन आट्यांतील अंतर १·५ मिमी. असते. ज्वलनाच्या वेळी सिलिंडरातील दाब दर चौ. सेंमी.ला ५० किग्रॅ. धरला, तर गुडदीला बाहेर ढकलणारा जोर सु. १२५ किग्रॅ. भरतो. आखूड गुडदीत हा जोर जेमतेम आठ वेढ्यांवर पेलला जातो व तो दर मिनिटास शेकडो वेळा येतो. त्यामुळे आकाराने क्षुल्लक दिसणारी ही दुरुस्ती विमानाच्या सुरक्षिततेशी थेट निगडित आहे.

प्रश्नाचा उगम : पहिल्या महायुद्धातील नोम एंजिनासारख्या चक्राकार फिरणाऱ्या एंजिनांचे सिलिंडर पोलादी घडाईचे असत. पोलादात पाडलेले आटे सहसा बिघडत नसत. परंतु पोलाद उष्णता सावकाश वाहून नेते. या युद्धाच्या काळात इंग्लंडमधील फार्नबरो येथील शासकीय विमान कारखान्यात ए. एच्. गिब्सन व एस्. डी. हेरन यांनी हवेने थंड होणाऱ्या सिलिंडरांवर संशोधन केले व ॲल्युमिनियमाच्या ओतीव शीर्षाची उपयुक्तता दाखविली. त्याच सुमारास ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत ‘वाय’ मिश्रधातू (ॲल्युमिनियमात सु. ४% तांबे, २% निकेल व १·५% मॅग्नेशियम) तयार झाली. एंजिने हलकी व जोरकस झाली, पण गुडदीचे आटे मऊ धातूत आले आणि आटेदुरुस्तीचा प्रश्न उभा राहिला.

बिघाडाची कारणे : गुडदी दर ठराविक तासांनी काढून साफ करावी लागते. ती तिरपी धरून फिरविली, प्रमाणाबाहेर आवळली किंवा एंजिन तापलेले असतानाच काढली, तर आट्यांचे कंगोरे ओरबाडले जातात. काजळी, तसेच शिसेयुक्त पेट्रोलामुळे साचणारी शिशाची पुटे आट्यांत बसून गुडदी घट्ट धरून ठेवतात. म्हणून आट्यांना ग्रॅफाइटयुक्त लेप अल्प प्रमाणात लावतात व आवळण्याचा जोर मापक पान्याने मोजतात, १८ मिमी.च्या गुडदीसाठी तो सामान्यतः ४ ते ५ किग्रॅ.-मी. असतो. प्रत्येक सिलिंडरास दोन गुडद्या असतात. एक विझली, तरी दुसरी ज्वलन चालू ठेवते. मात्र आटे सुटून गुडदी बाहेर फेकली गेली, तर त्या सिलिंडराचा दाबच नाहीसा होतो. दुसरी गुडदी तेथे उपयोगी पडत नाही आणि निसटणाऱ्या तप्त वायूंमुळे आग लागण्याचा धोका निर्माण होतो.

दुरुस्तीच्या पद्धती : भोकात नवा धातू वितळवून भरणे हा उपाय वरवर सोपा वाटतो, परंतु त्या उष्णतेने शेजारच्या झडपांच्या बैठका वाकतात व शीर्षास तडे जाण्याचा संभव असतो. यामुळे खास सुसज्ज कार्यशाळेबाहेर तो वर्ज्य मानला जातो. जुनी व दीर्घकाळ रूढ असलेली पद्धत कासे धातूच्या बाहीची होय. भोक मोठे करून त्यात नवे आटे पाडतात, शीर्ष तापवून बाही पिळून बसवितात आणि ती गुडदीबरोबर फिरून बाहेर येऊ नये म्हणून खीळ मारून पक्की करतात. कासे निवडण्याचे कारण उष्णतेने होणाऱ्या प्रसरणात आहे. तापमान १° से. ने वाढले, तर ॲल्युमिनियम आपल्या लांबीच्या दशलक्षांश २३ भाग, कासे सु. १८ भाग, तर साधे पोलाद सु. १२ भाग प्रसरण पावते. साध्या पोलादाची बाही शीर्ष तापल्यावर सैल पडते; कासे बव्हंशी शीर्षाबरोबर वाढते. प्रत्येक दुरुस्तीत भोक मोठे होत जाते, ही या पद्धतीची मर्यादा होय.

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत तारेच्या वेटोळ्याची पद्धत निघाली; पुढे ती हेली-कॉइल या व्यापारी नावाने सर्वत्र पसरली. चौकटच्या आकाराचा छेद असलेली अगंज पोलादाची तार मळसूत्राप्रमाणे गुंडाळून हे वेटोळे करतात. त्याची बाहेरची बाजू शीर्षातील आट्यांत बसते व आतील बाजू गुडदीसाठी आटे पुरविते. मोकळ्या स्थितीत वेटोळे भोकापेक्षा किंचित मोठे असल्याने बसविल्यावर ते स्वतःच्या ताणाने भोकाच्या भिंतीस दाबून राहते. भार अनेक वेढ्यांवर सारखा वाटला जातो आणि गुडदी मऊ धातूवर घासत नाही. त्यामुळे नीट दुरुस्त केलेले भोक मूळच्यापेक्षाही टिकाऊ ठरते. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक एंजिनांत ही वेटोळी कारखान्यातच बसविली जाऊ लागली.

या कामात अचूकतेस पर्याय नाही. भोकाचा अक्ष तिरपा झाला, तर गुडदीची बैठक एकाच बाजूस टेकते. वेटोळ्याचे टोक ज्वलनकक्षात पुढे आले, तर ते लाल होऊन मिश्रण अवेळी पेटविते. आटे पाडताना निघालेला धातूचा कीस आत राहिला, तर दट्ट्या व सिलिंडर ओरखडले जातात. गुडदीच्या भोकापासून झडपेच्या बैठकीपर्यंत तडा आढळल्यास आटेदुरुस्तीचा विचार सोडून शीर्ष बाद करावे लागते.

महाराष्ट्रातील व भारतातील अनुभव : मुंबईजवळील जुहू येथे १९२८ मध्ये विमानतळ व बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन पस मॉथ विमान येथेच उतरविले. या विमानात जिप्सी–३ हे १२० अश्वशक्तीचे, चार उलट्या सिलिंडरांचे एकच एंजिन होते. उलट्या रचनेत तेल खाली शीर्षाकडे झिरपते व गुडद्या माखतात. म्हणून त्या वारंवार काढाव्या लागतात आणि प्रत्येक वेळी आट्यांची परीक्षा होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जात असल्याने टपालसेवा पुण्याहून चालविली जाई. मुंबई–मद्रास मार्गावर सह्याद्री ओलांडणे भाग असे. बोरघाटापासून दक्षिणेस महाड-पोलादपूरकडील वरंध घाटापर्यंतच्या कड्याकपारींत व दाट रानात एका एंजिनाच्या विमानास अडचणीत उतरण्याजोगी जागा विरळाच. एक सिलिंडर निकामी होणे म्हणजे तेथे चौथा हिस्सा शक्ती गमावणे होते. नवे शीर्ष इंग्लंडहून बोटीने येण्यास काही आठवडे लागत; त्यामुळे दुरुस्ती हा येथील विमानोड्डाणाचा आधारच बनला.

सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. १९४३ पासून युद्धकाळात हा कारखाना अमेरिकी वायुदलाच्या व्यवस्थापनाखाली विमाने व एंजिने यांच्या संपूर्ण दुरुस्तीचे मोठे केंद्र झाला व भारतीय कारागिरांना अशा कामाचे पद्धतशीर शिक्षण मिळाले. कोल्हापूर भागात जन्मलेले विष्णू माधव घाटगे यांनी याच कारखान्यात अभिकल्पिलेले एचटी–२ हे शिक्षण विमान १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्यातही चार सिलिंडरांचे दट्ट्याचे एंजिन होते.

विमाने मोठी झाली, तसा प्रश्नाचा विस्तार वाढला. डाकोटा विमानाच्या दोन एंजिनांत ५६ गुडद्या असत. जून १९४८ मध्ये एअर-इंडिया इंटरनॅशनलने मुंबई–लंडन सेवेसाठी वापरलेल्या कॉन्स्टेलेशन विमानात, प्रत्येकी १८ सिलिंडरांच्या चार एंजिनांमुळे, ती संख्या १४४ होती. १९६० मध्ये बोइंग ७०७ जातीची झोत-विमाने आल्यावर मोठ्या प्रवासी विमानांपुरता हा प्रश्न मागे पडला.

सद्यःस्थिती : बारामती, धुळे यांसारख्या ठिकाणी वैमानिकांचे शिक्षण आजही मुख्यतः दट्ट्याच्या एंजिनांवर होते आणि नवशिक्याच्या विमानात गुडदीच्या आट्यांचे महत्त्व पूर्वीइतकेच आहे. दुरुस्ती एंजिन-निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार करून परवानाधारक अभियंत्याने ती आपल्या सहीने प्रमाणित करावी लागते. १९३४ च्या विमान अधिनियमाची जागा २०२४ च्या भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व बदललेले नाही. बसविलेले वेटोळे गुडदीखाली झाकले जाते. उड्डाणापूर्वी वैमानिकास ते पाहता येत नाही. त्याला विसंबावे लागते ते कारागिराच्या हातावर व नोंदवहीतील त्या सहीवर.