पडदा इथे, संगणक तिथे

कल्पना करा, की एका शिक्षणसंस्थेचे कार्यालय पुण्यात आहे. हिशेब पाहणारे गृहस्थ नागपूरला राहतात आणि घरूनच काम करतात. परीक्षा विभागातल्या दोघीजणी आठवड्यातले तीन दिवस कार्यालयात येतात, उरलेले दिवस घरून काम करतात. हिशेबाचे सॉफ्टवेअर मात्र कार्यालयातल्या संगणकावरच चालते. आणि विद्यार्थ्यांच्या गुणांच्या याद्या घरोघरच्या लॅपटॉपवर पसराव्यात, हे संस्थेला पसंत नाही. मार्च २०२० च्या टाळेबंदीत अनेक कार्यालयांपुढे हा पेच एका रात्रीत उभा राहिला.

यावर एक उपाय भाड्याने मिळतो. त्याला क्लाउड डेस्कटॉप म्हणतात. यात संगणक दूरच्या एखाद्या डेटा सेंटरमध्ये चालतो. आपल्यासमोर येते ते फक्त त्याच्या पडद्याचे चित्र. आपण दाबलेल्या कळा आणि माऊसच्या हालचाली तिकडे जातात, बदललेले चित्र इकडे येते. अशी सेवा देणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत. मग निवड कशी करायची?

जाहिराती वाचून गोंधळ वाढतो. त्यापेक्षा आपण इतिहासाकडे वळू. कारण ‘पडदा इथे, संगणक तिथे’ ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे, आणि आज विचारायचे प्रश्नही तेव्हाच विचारून झाले आहेत.

रांगेतून सुटका

१९५०च्या दशकात संगणकाला कोणी हात लावत नसे. आपला प्रोग्रॅम कार्डांवर भोके पाडून तयार करायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीत द्यायचा आणि उत्तरासाठी काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. एखादा स्वल्पविराम राहिला असेल, तर पुन्हा गठ्ठा आणि पुन्हा रांग. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा मोठा संगणक आला, त्याचाही वापर अशाच कार्डांच्या गठ्ठ्यांनी होत असे.

संगणक महाग होता, म्हणून त्याचा एक क्षणही वाया जाऊ द्यायचा नाही, असा यामागचा हिशेब. माणसाचा वेळ वाया गेला तर चालेल! अमेरिकेतल्या एमआयटीमधील जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुरुवातीला एक टिपण लिहून हा हिशेब उलटा करायचे सुचवले. माणूस टंकताना आणि विचार करताना मध्ये मध्ये थांबतो. त्या एका थांब्यात संगणकाच्या हजारो क्रिया होऊ शकतात. मग त्या वेळात त्याने दुसऱ्याचे काम का करू नये? अशी आळीपाळीने पण झपाट्याने सेवा दिली, तर प्रत्येकाला वाटेल की संगणक आपल्या एकट्याचाच आहे. या पद्धतीला टाइम शेअरिंग, म्हणजे वेळेची वाटणी, असे नाव पडले.

नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटीत अशी व्यवस्था चालवून दाखवली. तिचे नाव सीटीएसएस. एकाच यंत्रावर अनेकांच्या फाइली राहू लागल्या, तेव्हा प्रत्येकाची फाइल त्याच्यापुरती राहावी म्हणून पासवर्ड आला. आणि त्याच्या पाठोपाठ पासवर्ड फुटण्याची घटनाही आली. १९६०च्या दशकाच्या मध्यात दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन फाइली दुरुस्त करत होते. तात्पुरत्या फाइलींना एकच नाव मिळाल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी दिसू लागली! वाटून घेतलेल्या यंत्रात भिंत किती पक्की आहे, हा प्रश्न असा अगदी सुरुवातीपासूनचा आहे.

ग्रंथालयासारखा संगणक

शिक्षकांनी लक्षात ठेवावा असा प्रयोग पुढे डार्टमथ कॉलेजात झाला. जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ हे तिथले गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांचा विषय विज्ञान नव्हता. तरीही प्रत्येकाला संगणक वापरता आला पाहिजे, असा दोघांचा आग्रह. १ मे १९६४ च्या पहाटे चारच्या सुमारास त्यांच्या टाइम शेअरिंग यंत्रणेवर बेसिक या नव्या, सोप्या भाषेतले प्रोग्रॅम चालले.

केमेनींच्या मनात उदाहरण होते ते उघड्या कपाटांच्या ग्रंथालयाचे. विद्यार्थी ग्रंथालयात जातो, हवे ते पुस्तक हाताळतो; प्रत्येक पान उलटल्याचे पैसे कोणी मागत नाही. संगणकही तसाच असावा, म्हणून विद्यार्थ्यांकडून वेळेचा आकार घेतला जात नव्हता. पुढे आसपासच्या काही माध्यमिक शाळाही टेलिफोनच्या तारेने या संगणकाला जोडल्या गेल्या. वर्गात एक टेलिटाइप, म्हणजे तारेवर चालणारे टंकयंत्र, आणि संगणक कित्येक मैल दूर!

त्याच सुमाराला व्यापारी कंपन्याही टाइम शेअरिंग विकू लागल्या. तिथे मात्र मीटर होता. यंत्र तेच, तारही तीच. पण मीटर चालू असताना विद्यार्थी चुकून पाहायला कचरतो आणि मीटर नसताना बेधडक चुकून शिकतो.

तारेतून चित्र कसे येते?

टेलिटाइपवर सेकंदाला दहा अक्षरे उमटत. दीड हजार अक्षरांचे एक पान छापायला अडीच मिनिटे लागत. अक्षरांपुरते हे ठीक होते. पण आज आपल्याला अख्खा पडदा हवा आहे.

हिशेब करून पाहू. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट लागतात. एका चित्राचे झाले जवळजवळ ५ कोटी बिट. सेकंदाला अशी ३० चित्रे पाठवायची तर १५० कोटी बिट! घरी सेकंदाला ५ कोटी बिटांची जोडणी असेल, तर सेकंदाला जेमतेम एक चित्र येईल.

मग हे जमते कसे? तीन युक्त्यांनी. पहिली युक्ती अशी, की चित्र न पाठवता ‘इथे रेघ काढ, तिथे चौकोन रंगव’ अशा सूचना पाठवायच्या. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेली एक्स विंडो ही प्रणाली अशी होती. दुसरी, पडद्याचा जेवढा तुकडा बदलला तेवढाच पाठवायचा. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेतून १९९०च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या व्हीएनसीने ही युक्ती लोकप्रिय केली. तिसरी, चित्रपटासारखे दाबून लहान केलेले चित्र पाठवायचे. आजच्या सेवा या युक्त्या गरजेप्रमाणे मिसळून वापरतात. म्हणून हिशेबाचे कागद सुरळीत दिसतात आणि व्हिडिओ लावला की जोडणीवर ताण येतो.

लंबकाचा झोका

मधल्या काळात संगणक स्वस्त झाले. १९७७ मध्ये ॲपल टू आणि १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी बाजारात आला. संगणक टेबलावर आला, तार गेली आणि मालकी आपल्याकडे आली. पण शंभर टेबलांवर शंभर संगणक म्हणजे शंभर ठिकाणी दुरुस्ती, शंभर ठिकाणी व्हायरस आणि शंभर ठिकाणी विखुरलेल्या फाइली.

त्यामुळे लंबक परत फिरला. १९८९ साली स्थापन झालेल्या सिट्रिक्स या अमेरिकन कंपनीने १९९५ मध्ये विनफ्रेम हे उत्पादन आणले. त्यात एकाच विंडोज सर्व्हरवर अनेकजण दुरून काम करू शकत. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपला टर्मिनल सर्व्हर काढला. पुढे एका यंत्रात अनेक आभासी संगणक चालवण्याचे तंत्र स्वस्त सर्व्हरवर आले, आणि प्रत्येकाला स्वतंत्र विंडोज देता येऊ लागले. ॲमेझॉनची वर्कस्पेसेस ही भाड्याची सेवा २०१४ मध्ये सर्वांना खुली झाली. मायक्रोसॉफ्टचा व्हर्च्युअल डेस्कटॉप २०१९ मध्ये आला, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये विंडोज ३६५.

निवडीचे चार प्रश्न

आता पुण्याच्या आपल्या संस्थेकडे परत येऊ. इतिहासाने तिला चार प्रश्न दिले आहेत.

पहिला प्रश्न, तार किती लांब? १९६८ मध्ये रॉबर्ट मिलर यांनी माणूस आणि संगणक यांच्या संवादाचा अभ्यास मांडला. कळ दाबल्यावर सुमारे ०.१ सेकंदात, म्हणजे १०० मिलिसेकंदांत, अक्षर उमटले तर ते लगेच उमटल्यासारखे वाटते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेतील व्हर्जिनियात डेटा सेंटर असेल, तर सुमारे १३,००० किलोमीटर जायला ६५ आणि यायला ६५, असे १३० मिलिसेकंद झाले. तार सरळ रेषेत नसते, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. कितीही पैसे दिले तरी प्रकाश वेगाने धावणार नाही! नागपूर ते मुंबई अंतर सुमारे ७०० किलोमीटर. तिथे जाऊन येऊन ७ मिलिसेकंद, वळणे आणि मधली यंत्रे धरली तरी १०० च्या खूप आत. मायक्रोसॉफ्टची डेटा सेंटरे २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नई परिसरात आहेत, ॲमेझॉनची २०१६ पासून मुंबईत. तेव्हा आपला डेस्कटॉप नेमका कुठे चालेल, हे आधी विचारावे.

दुसरा प्रश्न, भिंत कशी? एका विंडोजमध्ये अनेकजण बसवले की खर्च कमी होतो, पण एकाच्या जड कामाने दुसरा रखडू शकतो. स्वतंत्र आभासी संगणक महाग, पण वेगळा. गुणांच्या याद्यांसाठी फाइल घरच्या यंत्रावर उतरवणे बंद करता येते का, हेही पाहावे. आणि नुसत्या पासवर्डवर विसंबू नये, मोबाइलवरची दुसरी खूण हवीच. सीटीएसएसची गोष्ट आठवावी.

तिसरा प्रश्न, मीटर कसा? विंडोज ३६५चा दर माणशी महिन्याला ठरलेला असतो. व्हर्च्युअल डेस्कटॉपमध्ये वापराप्रमाणे आकार पडतो. वर्कस्पेसेसमध्ये दोन्ही प्रकार आहेत. रोज आठ तास काम करणाऱ्या हिशेबनिसांना ठरलेला दर बरा. परीक्षेच्या हंगामापुरत्या येणाऱ्यांना तासाचा. मात्र काम संपल्यावर यंत्र आपोआप बंद होते ना, हे तपासावे, नाहीतर मीटर रात्रभर चालतो.

चौथा प्रश्न, किल्ली कोणाकडे? कंपन्यांचे मालक बदलतात. व्हीएमवेअर ही या क्षेत्रातली मोठी कंपनी २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने घेतली, आणि तिचा डेस्कटॉप विभाग २०२४ मध्ये वेगळा होऊन ओम्निसा झाला. उद्या सोडून जायचे ठरवले, तर आपल्या फाइली कोणत्या स्वरूपात आणि किती दिवसांत हाती येतील? हे पहिल्या दिवशीच लेखी घ्यावे.

या चारांच्याही आधीचा एक प्रश्न आहे: याची गरज आहे का? पत्रे आणि तक्ते ब्राउझरमध्येही करता येतात. तेवढेच काम असेल, तर भाड्याचा संगणक घेणे म्हणजे पत्र टाकायला ट्रक नेणे. हिशेबनिसांना विशिष्ट सॉफ्टवेअरसाठी आणि परीक्षा विभागाला गोपनीयतेसाठी तो घ्यावा, बाकीच्यांना नको. आणि घेण्याआधी पंधरा दिवस चाचणी करावी, तीही कार्यालयातल्या वेगवान जोडणीवर नाही, तर नागपूरच्या घरी, संध्याकाळी, सगळी गल्ली इंटरनेट वापरत असताना. वीज गेली तर दूरचा संगणक चालूच राहतो आणि अर्धवट पत्र तसेच सापडते, हा मोठा फायदा. पण इंटरनेट गेले, तर समोर उरतो नुसता काळा पडदा.

वर्गात करून पाहा

एका विद्यार्थ्याला संगणक करा. पाच जणांना दहा-दहा बेरजा द्या. आधी संगणकाने एकेकाचा पूर्ण कागद सोडवावा. मग प्रत्येकाची एकच बेरीज, अशा फेऱ्या घ्याव्यात. पाचव्या मुलाला पहिले उत्तर दोन्ही वेळा किती सेकंदांनी मिळाले, ते फळ्यावर लिहा. त्यानंतर संगणकाला व्हरांड्याच्या टोकाला बसवा आणि चिठ्ठ्या पळत नेऊ द्या. तिथला संगणक तितकाच हुशार असूनही कंटाळा का आला, हे मुले स्वतःच सांगतील. मग त्यांना विचारा, व्हरांड्यातला संगणक कोणाला आधी उत्तर देईल, हे कोणी ठरवायचे? डार्टमथच्या त्या दोन गणितज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले होते. आपल्या शाळेचे उत्तर काय असेल?