मुक्त लहरींचे मोल

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या परिसरात खुर्सीपार ही दाट वस्ती आहे. भिंतीला भिंत लागलेल्या अशा कोणत्याही वस्तीत एका घरची वायफायची लहर शेजारच्या घरात सहज शिरते; आणि सायंकाळी सारी घरे एकाच वेळी इंटरनेटकडे वळली, म्हणजे प्रत्येकाचाच संदेश अडखळतो. यंत्रात मात्र दोष नसतो. दोषाचे मूळ शोधावयाचे, तर शंभर वर्षे मागे जावे लागते.

1926 साली अमेरिकेत एका न्यायनिर्णयामुळे नभोवाणीवरील सरकारी नियंत्रण ढिले पडले. केंद्रांनी मनास येईल ती लहर बळकावली, आणि श्रोत्यांच्या कानी केवळ गोंगाट उरला. 1927 साली तेथे नवा कायदा करून परवान्याची शिस्त बसवावी लागली. हिंदुस्थानात 1933 च्या कायद्याने बिनपरवाना यंत्र बाळगणे हाच गुन्हा ठरला. परवाना हे व्यवस्थेचे साधन खरे, परंतु ते सत्तेचेही शस्त्र होते. 1942 साली मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालविणाऱ्या उषा मेहता यांना त्यापायी कारावास सोसावा लागला.

मुक्त लहरींची कथा याहून निराळी आहे. 1947 साली अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने 2450 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी उष्णता निर्माण करणाऱ्या व तत्सम औद्योगिक यंत्रांसाठी राखल्या. संदेशवहनाच्या दृष्टीने ही पडीक जमीनच होती. अमेरिकेने 1985 साली ती परवान्याविना संदेशवहनास खुली केली. भारतानेही 2005 साली घरात व घराबाहेर तशी मोकळीक दिली. अट एवढीच, की दुसऱ्यास उपद्रव देऊ नये, आणि स्वतःस उपद्रव झाला तर संरक्षण मागू नये.

या दुसऱ्या अटीतच सारे वर्म आहे. हा पट्टा अवघा 83.5 मेगाहर्ट्झ रुंद. त्यात एकमेकांस न भिडणाऱ्या वाटा सामान्यतः तीनच. शेजारची मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच लहरींवर चालते. 2018 साली आणखी 605 मेगाहर्ट्झ मुक्त झाले, तरी त्या उच्च लहरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतात.

गावच्या गायरानात गुरे चारण्यास मोल पडत नाही. पण गवत संपले, तर दाद कोणाकडे मागणार? मुक्त लहरींनी सामान्यांच्या घरी स्वस्तात ज्ञान आणले, हा त्यांचा मोठा उपकार आहे. मात्र ज्या संदेशावर कोणाचे प्राण अवलंबून असतील, तो केवळ त्यांच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नव्हे.